ज्ञानोपकरण : प्राथमिक शाळेतील गणित आणि संगणक

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त तिवसा येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या ट्रस्टच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना परिसरातील प्राथमिक शाळांना संगणक आणि प्रोजेक्टर भेट देण्याचा संकल्प विश्वस्त मंडळाने केला आहे. या संकल्पाच्या निमित्ताने एखाद्या प्राथमिक शिक्षिकेने आपला अनुभव समाजापुढे मांडावा, अशी आज्ञा मला झाली. मी संगणकतज्ज्ञ नाही. आयुष्याची उणीपुरी तीन तपे खडू, फळा आणि पाटी यांच्या सहवासात गेली, आणि त्यांतील उत्तरार्धात संगणक नावाचा एक नवा पाहुणा वर्गात आला. त्या पाहुण्याशी माझी ओळख कशी झाली, कोठे फसगत झाली आणि गणित शिकविताना त्याचा नेमका उपयोग कोणता, एवढेच मी सांगणार आहे. बोलण्याच्या ओघात विश्वस्त मंडळाला काही विनंती करीन, ती लहान तोंडी मोठा घास समजून क्षमा करावी.

शासकीय व जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना संगणकाची अर्हता आवश्यक ठरली, तेव्हा आम्ही बहुतेक शिक्षकांनी एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम केला. खरे सांगायचे तर ज्ञानाच्या ओढीपेक्षा वेतनवाढ थांबेल ही धास्ती मोठी होती. केंद्रावर मला शिकविणारा तरुण माझ्याच वर्गात चौथीपर्यंत शिकलेला. मी माऊस हातात धरला की पडद्यावरचा बाण भलतीकडेच धावे. मग तो मोठ्या आदराने म्हणे, “थांबा बाई, मी करून देतो.” आणि क्षणार्धात सारे करून देई. पंधरा दिवस असेच गेले. माझी वही भरली, पण मला काही येईना. एके दिवशी त्याला घाईने बाहेर जावे लागले आणि मी एकटीच संगणकासमोर उरले. त्या एका तासात मी जे शिकले, ते आधीच्या पंधरा दिवसांत शिकले नव्हते.

घरी परतताना मन अस्वस्थ झाले. वर्गातील कच्च्या मुलांच्या पाटीवर मीही वर्षानुवर्षे हेच करीत आले होते. मूल अडखळले की त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन “असं कर” म्हणत उदाहरण सोडवून द्यायचे. मुलाची पाटी भरत असे, मूल मात्र जिथल्या तिथे राही. “करून देणे” आणि “शिकविणे” या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा मला संगणकाने दिला. तो देताना संगणक काहीच करीत नव्हता, केवळ माझ्यासमोर उभा होता, हे विशेष.

पुढे शाळेलाही संगणक मिळाला. कोणत्या शाळेला, हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण बहुतेक शाळांची कथा सारखीच होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत एका टेबलावर त्याची स्थापना झाली. धूळ बसू नये म्हणून त्यावर शिवलेले आच्छादन आले. मुलांनी हात लावू नये म्हणून खोलीला कुलूप लागले. भारनियमनाच्या त्या दिवसांत शाळेच्या वेळात वीज असेलच याची खात्री नसे. खंडेनवमीला मात्र आच्छादन काढून आम्ही त्याला हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि पुन्हा आच्छादन घातले. आपण एखाद्या वस्तूचा सन्मान करीत आहोत की तिला बंदिवान करीत आहोत, हा प्रश्न त्या वेळी कोणालाच पडला नाही. मलाही नाही.

हा प्रश्न मला सुचविला तो आपल्याच अमरावतीत घडलेल्या एका थोर कार्याने. त्याचे स्मरण या सभेत करणे उचित होईल.

दिगंबर परंपरेनुसार आचार्य धरसेन यांनी गिरनारच्या चंद्रगुफेत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आगमज्ञान दिले. स्मरणशक्ती क्षीण होत चालली आहे आणि केवळ मुखोद्गत परंपरेवर हे ज्ञान टिकणार नाही, हे त्या वृद्ध आचार्यांनी ओळखले होते. त्या दोन शिष्यांनी षट्खंडागम ग्रंथबद्ध केला. त्याच्या पूर्ततेचा दिवस आपण श्रुतपंचमी म्हणून पाळतो. श्वेतांबर परंपरेतही वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लेखनबद्ध झाले आणि ज्ञानपंचमीला ग्रंथांचे पूजन होते. मुखातून ताडपत्रावर येणे हे त्या काळातील नवे तंत्रच होते. ‘लिहिल्याने ज्ञान बाटेल’ असे म्हणून आचार्य थांबले असते तर आपल्या हाती काय उरले असते?

पुढे वीरसेनाचार्यांनी षट्खंडागमावर ‘धवला’ ही विस्तीर्ण टीका रचली. सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर मूडबिद्री येथे सुरक्षित राहिला. मात्र शतकानुशतके तो दर्शनाचा विषय होता, वाचनाचा नव्हे. भाविक येत, वेष्टनातील ताडपत्रांना वंदन करीत आणि परत जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या नकला होऊ लागल्या. आणि ज्यांनी तो वाचनाचा विषय केला, ते डॉ. हीरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. एका उदार श्रेष्ठींच्या दानातून उभ्या राहिलेल्या जैन साहित्योद्धारक फंडाच्या साहाय्याने १९३९ साली धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. पुढील वीस वर्षांत सोळा खंडांचे हे काम सिद्धीस गेले. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरचा निबंध छापला आहे. तिवशापासून अमरावती ती किती दूर! भारतीय गणिताच्या इतिहासातील एक हरवलेले पान आपल्या दारात उलगडले गेले, आणि आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे?

या घटनेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. श्रेष्ठींनी धन दिले, हे पुण्यकार्य खरेच. परंतु त्या धनाला फळ आले, कारण एका शिक्षकाने त्या पोथीपाशी आयुष्याची वर्षे बसून काढली. आपल्या शास्त्रांत मुनींच्या उपकरणांचा विचार आहे. पिच्छी हे संयमोपकरण, कमंडलू हे शौचोपकरण आणि शास्त्र हे ज्ञानोपकरण. वेष्टनात बांधलेली पोथी पूज्य असते, पण उघडून वाचली जाते तेव्हाच ती खऱ्या अर्थाने ज्ञानोपकरण होते. आच्छादनाखालच्या आमच्या संगणकालाही हाच न्याय लागू होता. तो उघडण्याचे काम शिक्षकाचे होते, आणि मी ते टाळले होते.

म्हणून मी संगणक वर्गात आणण्याचे ठरविले. आता माझ्या पहिल्या फसगतीची हकीकत ऐका.

चौथीला भागाकार शिकवायचा होता. गाणी, चित्रे आणि नाचणारे अंक असलेली एक सुरेख चित्रफीत मला मिळाली. मुले हरखून गेली. त्यानंतर पडद्यावर प्रश्न येत, मुले पर्यायावर बोट ठेवीत आणि उत्तर बरोबर आले की यंत्र टाळ्या वाजवी. वर्गात असा उत्साह मी पूर्वी पाहिला नव्हता. आठ दिवसांनी मी पाटीवर एक साधे उदाहरण घातले. ६१२ भागिले ६. अर्ध्याहून अधिक मुलांनी उत्तर लिहिले १२.

हेच उदाहरण मी संगणकावर दिले. एका मुलीने १२ लिहिले, यंत्राने लाल फुली दाखविली. तिने पुन्हा तेच लिहिले, पुन्हा फुली आली. मग ती माझ्याकडे वळून आमच्या वऱ्हाडी बोलीत म्हणाली, “बाई, ह्या मशीननं चूक आहे म्हनून सांगतलं, पन काहून चूक आहे थे नाही सांगतलं.”

मला वाटते, माझ्या साऱ्या प्रशिक्षणाचे सार त्या नऊ वर्षांच्या मुलीने एका वाक्यात सांगितले. ‘काहून’चे उत्तर देणे हे शिक्षकाचे काम. मी ते यंत्रावर सोपवून बाजूला झाले होते.

दुसऱ्या दिवशी संगणक बंद ठेवून आम्ही काड्यांचे गठ्ठे घेतले. शंभराचे सहा गठ्ठे, दहाचा एक गठ्ठा आणि दोन सुट्या काड्या. सहा मुले पुढे आली. प्रत्येकाला शंभराचा एकेक गठ्ठा मिळाला. मग दहाचा तो एकुलता एक गठ्ठा हातात घेऊन ती मुलगी उभी राहिली. “हा सहा जणांत कसा वाटू?” वाटता येत नाही, म्हणजे दशकाच्या घरात कोणालाच काही मिळाले नाही, तेथे शून्य. तो गठ्ठा सोडला, दोन सुट्या काड्यांत मिळविला, बारा झाल्या, प्रत्येकाला दोन. उत्तर १०२. विसरलेले शून्य मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

मग संगणक सुरू केला, पण आता वेगळ्या कामासाठी. हिशेबाच्या तक्त्याच्या एका रकान्यात मुलांनी आपापले उत्तर लिहायचे आणि शेजारच्या रकान्यात त्याला सहाने गुणून यंत्राने परतीचा हिशेब दाखवायचा. १२ लिहिले की शेजारी ७२ उमटे. “सहाशे बारा वाटायला घेतले, हिशेबात बहात्तरच कसे आले? बाकीचे गेले कुठं?” हा प्रश्न मुलेच एकमेकांना विचारू लागली. आता यंत्र टाळ्या वाजवीत नव्हते आणि फुलीही मारीत नव्हते. ते आरसा दाखवीत होते. उत्तर तपासण्याचा अधिकार मुलांकडे आला होता.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात एक नियम झाला : आधी अंदाज, मग यंत्र. कळ दाबण्यापूर्वी उत्तर साधारण किती येईल ते पाटीवर लिहायचे. सहाशेला सहाने भागले तर शंभर, म्हणजे उत्तर शंभराच्या थोडे वर हवे. दुकानात बसणाऱ्या आपल्या समाजबांधवांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. गल्ल्यावर बसलेले जुने शेठजी बेरीज पूर्ण होण्यापूर्वीच ‘हिशेबात काहीतरी चुकते आहे’ असे म्हणतात, ते याच अंदाजाच्या बळावर. कॅल्क्युलेटर आला आणि ती नजर क्षीण झाली. यंत्र वापरूनही ती नजर राखायची, हीच आजच्या गणित शिक्षणाची कसोटी आहे.

यंत्रामुळे मुलांच्या ज्या चुका मला नव्याने दिसल्या, त्यांतील दोन सांगते. दुसरीच्या मुलांना मी “त्रेपन्न लिहा” म्हटले की पाटीवर बहुतेकांचे ५३ येई. तेच संगणकावर लिहायला सांगितले तर अनेक जण ३५ उमटवीत. मी बुचकळ्यात पडले. मग ध्यानात आले की कळा क्रमानेच दाबाव्या लागतात. कानावर आधी ‘त्रे’ येते, म्हणून बोट आधी तीनवर जाते. पाटीवर मूल तीन उजवीकडे लिहून डावीकडे पाच लिहू शकते, संगणकावर ती सोय नाही. आपण मराठीत एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, हा गुंता पाटीवर झाकलेला राहत होता. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद उसळला आणि किती थट्टा झाली, हे आपणांस आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलामागचा हेतू शांतपणे समजावून सांगितला होता. आपले जुने संख्यावाचन सोडावे असे माझे मत नाही, ती आपल्या भाषेची संपत्ती आहे. परंतु माझ्या वर्गात बोटे अडखळताना मी पाहिली होती, म्हणून मला थट्टा करता आली नाही. मी पन्नासचे एक कार्ड आणि तीनचे एक कार्ड केले, तीनचे कार्ड शून्यावर ठेवले की ५३ दिसे. महिनाभर तो खेळ खेळल्यावर बोटे सरळ चालू लागली.

दुसरी चूक पाचवीतील, आणि ती आपल्या बाजारपेठेशी संबंधित आहे. दशांश अपूर्णांकाचा पाठ होता. मी मुलांना घरच्या कापसाचा आणि सोयाबीनचा हिशेब घालायला सांगितला. सात क्विंटल पस्तीस किलो हे ७.३५ असे मुलांनी अचूक लिहिले. मग मी दिले सात क्विंटल पाच किलो. वर्गातील हुशार मुलांनीही ७.५ लिहिले. दर चार हजार धरून गुणाकार यंत्राने केला आणि तीस हजार रुपये दाखविले. यंत्राचा गुणाकार निर्दोष होता. परंतु सात क्विंटल पाच किलो म्हणजे ७.०५, आणि त्याचे होतात २८ हजार २०० रुपये. एका शून्यापायी १८०० रुपयांचा फरक! कोणाचे तरी नुकसान आणि कोणाचा तरी अन्याय्य लाभ. मी मुलांना म्हटले, “यंत्राला तुमच्या बापाचा काटा दिसत नाही. तुम्ही जे सांगाल तेच ते खरे मानते.” कमी देणे, जास्त घेणे, खोटी मापे ठेवणे यांना अचौर्य व्रताचे अतिचार म्हटले आहे. अज्ञानातून झालेली चूक आणि लबाडी यांत मोठे अंतर आहे, हे मी जाणते. पण ज्याचे नुकसान होते, त्या शेतकऱ्याच्या घरी दोहोंचा परिणाम सारखाच होतो. अचूक हिशेब हा गणिताचा विषय आहे, तसाच तो नीतीचाही आहे.

आता थोडे आनंदाचे. धवलेतील गणितात ‘अर्धच्छेद’ नावाची कल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ती संख्या म्हणजे तिचे अर्धच्छेद. बत्तीसचे निम्मे सोळा, मग आठ, चार, दोन, एक. पाच वेळा, म्हणून बत्तीसचे अर्धच्छेद पाच. तीनने किंवा चारने भागत गेल्यास त्यांच्यासाठी त्रिकच्छेद व चतुर्थच्छेद अशा संज्ञाही आहेत. आजचे गणित याला दोन, तीन, चार या पायांचा लॉगॅरिदम म्हणते. आणि संगणक तर सारा दोनच्याच हिशेबाने चालतो. कळ चालू किंवा बंद, एवढ्या दोनच अवस्था. अशा पाच कळा असतील तर त्यांच्या बत्तीस वेगवेगळ्या मांडण्या होतात. मी असे मुळीच म्हणणार नाही की आपल्या आचार्यांनी संगणक शोधला होता. असा दावा करणे सत्यव्रताशी प्रतारणा ठरेल. मी एवढेच म्हणते की ज्या विचाराच्या आधाराने हे यंत्र चालते, तो आपल्याला परका नाही. त्याला घाबरून दूर राहण्याचे कारण नाही.

वर्गात मी हे जुन्या वर्तमानपत्राच्या पानावर शिकविले. एकदा घडी, दोन भाग. पाच घड्या, बत्तीस भाग. सहाव्या-सातव्या घडीनंतर कागद दाद देईना. “अजून घड्या घालता आल्या असत्या तर?” या प्रश्नापाशी हात थांबले, आणि तेथे यंत्राचे खरे काम सुरू झाले. तक्त्यात एकाखाली एक दुप्पट करीत गेलो. दहाव्या दुपटीला १,०२४ आणि विसाव्या दुपटीला दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. प्रथम यंत्राने इंग्रजी पद्धतीने दर तीन अंकांनी स्वल्पविराम दिले, मुलांना ती संख्या वाचताच येईना. स्वल्पविराम आपल्या लाख-कोटीच्या पद्धतीने कसे लावायचे, ते शोधायला मला दोन दिवस लागले. शिक्षकाचे शिकणे असेच असते, लहानसहान अडचणींचे. त्याला प्रमाणपत्र मिळत नाही.

असाच एक प्रयोग महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’चा. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात हा ग्रंथ झाला. १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने तो हिंदी अनुवादासह प्रकाशित केला. त्यात काही गुणाकार असे योजले आहेत की उत्तर गळ्यातल्या हारासारखे, दोन्ही बाजूंनी सारखे यावे. २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणा. आठ अंकी कॅल्क्युलेटर येथे हात टेकतो, कारण उत्तर त्याच्या खिडकीत मावत नाही. मुलांनी मोठ्या कागदावर गुणाकार केला आणि उत्तर आले १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढत आणि पुन्हा एकापर्यंत उतरत जाणारा हार! त्या दिवशी यंत्र हरले आणि हात जिंकला. मग संगणकावर पडताळा घेतला. पाढ्यांना कंटाळलेली मुले दुसऱ्या दिवशी आपण होऊन ‘आणखी हार’ शोधत बसली होती. साडेअकराशे वर्षांपूर्वीचा एक आचार्य तिवसा तालुक्यातील पोरांना गणिताची गोडी लावतो, यापेक्षा मोठे ज्ञानदान कोणते?

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षक आणि तंत्रज्ञान यांविषयी बोलताना श्री. रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव घेतल्याविना राहवत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते २००९ साली रुजू झाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून धडे, कविता, ध्वनिफिती मुलांच्या हाती देण्याच्या त्यांच्या कार्याची जगाने दखल घेतली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. अपरिग्रहाचा असा पाठ एका प्राथमिक शिक्षकाने जगाला द्यावा, याचा आपणां सर्वांना अभिमान वाटायला हवा. पण त्यांच्या कथेतील एक बारकावा बहुधा दुर्लक्षित राहतो. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. गुरुजींनी आधी कन्नड शिकून घेतली, मग पुस्तकांची फेरमांडणी केली. म्हणजे आधी मूल समजून घेतले, यंत्र नंतर आले. क्यूआर कोड कोणालाही छापता येतो, तो क्रम मात्र साधावा लागतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सारे शिक्षण मोबाईलवर आले, तेव्हा या क्रमाचे महत्त्व आम्हांला कटू अनुभवाने कळले. ज्या घरात एकच मोबाईल आणि तो बापासोबत शेतात, त्या घरातील मुलाचा वर्ग संध्याकाळी सातनंतर भरे. काही घरी तोही नव्हता. अशा मुलांसाठी आम्ही हाताने लिहिलेल्या गणिताच्या चिठ्ठ्या ओसरीवर नेऊन देत असू. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा दोन्ही प्रकारच्या मुलांचा भागाकार विस्कटला होता. ज्यांनी चित्रफिती पाहिल्या त्यांचाही आणि ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांचाही. पुन्हा काड्यांचे गठ्ठे बाहेर काढावे लागले.

आता विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती. आपण संगणक द्या, प्रोजेक्टर द्या, अवश्य द्या. आपल्या धर्मात आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने सांगितली आहेत. यंत्र देणे हे वस्तुदान झाले. त्याचे ज्ञानदान व्हावे यासाठी तीन गोष्टींचा विचार व्हावा. पहिली, देणगीचा काही भाग शिक्षकांच्या शिकण्यासाठी राखून ठेवावा. महिन्यातील एका शनिवारी दुपारी या सभागृहात आठ-दहा शिक्षकांनी बसावे, आपापल्या वर्गातील मुलांची एकेक चूक आणावी, आणि ती दूर करण्यास यंत्र कोठे उपयोगी व कोठे निरुपयोगी, याचा विचार करावा. यास खर्च फार नाही, सातत्य मात्र लागेल. दुसरी, दुरुस्ती आणि बॅटरी यांची तरतूद पहिल्याच दिवशी करावी. फीत कापल्यानंतर सहा महिन्यांनी एका तुटलेल्या तारेपायी संच कोपऱ्यात गेलेला मी पाहिला आहे. तिसरी, यंत्रावर देणगीदाराचे नाव अवश्य असावे, पण त्यास आच्छादन आणि कुलूप नसावे. मुलांच्या हाताळण्याने ते झिजले, त्यावर खडूचे डाग पडले, तर ते दान सार्थकी लागले असे समजावे.

आणि समाजातील तरुणांनाही एक सांगणे आहे. आपल्यापैकी अनेक मुलेमुली पुण्या-बंगळूरला संगणक क्षेत्रात उत्तम काम करीत आहेत. पर्युषणाला किंवा दिवाळीला घरी याल, तेव्हा एक सकाळ जवळच्या शाळेत द्या. मात्र शिक्षकांना “थांबा, मी करून देतो” असे म्हणू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि आपला हात मागे ठेवा.

‘काहून चूक आहे’ असे विचारणारी ती मुलगी पुढे मोठी झाली आणि अलीकडे बाजारात भेटली. कापूस विकून आलेली हिशेबपट्टी तिच्या हातात होती, तिच्या वडिलांना ती आकडे वाचून दाखवीत होती. शेवटची रक्कम वाचण्यापूर्वी ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “बाबा, येवढे यायला पायजेत.” मग तिने पट्टी पाहिली. रक्कम जुळली. तिने मला ओळखले की नाही, मला ठाऊक नाही. मी तिला हाक मारली नाही. आधी अंदाज, मग यंत्र, हे तिने जपले होते, तेवढे मला पुरेसे होते.

ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्यास माझ्या हार्दिक शुभेच्छा. बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास मन, वचन आणि कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.